छप्पर बदललं, धसका राहिला

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालं की वाटेत तामलवाडी लागते. कोजागिरीच्या आधी याच रस्त्यावर सोलापूर आणि कर्नाटकातून पायी येणाऱ्या भाविकांची रीघ असते, म्हणून नाव बऱ्याच जणांच्या ओळखीचं. या पट्ट्यातली जुनी घरं दगडमातीची. हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात आत शिरलं की जीव गार होतो. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला इथून पूर्वेला किल्लारी-सास्तूर भागात जमीन हलली, आणि अशाच घरांनी झोपेतल्या माणसांना गाडून टाकलं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावं उशिरा झोपली होती. साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं पार उद्ध्वस्त झाली आणि त्यांना नव्या जागी वसवावं लागलं.

हादरा तुळजापूर, सोलापूरपर्यंत सगळ्यांनाच जाणवला आणि माणसं अंगणात, शेतात झोपू लागली. त्यात चूक काय होती? जमीन पुढेही लहान धक्के देत होती आणि डोक्यावर मातीचा ढीग होता. ती भीती शहाणी होती. पुढे पुनर्वसनाची पक्की, भूकंपाला टिकतील अशी घरं उभी राहिली. तरी कित्येकांनी त्या घराशेजारी पत्र्याचं शेड ठोकलं आणि रात्री अंथरूण तिकडेच टाकलं. घरात धान्याची पोती, शेडमध्ये माणसं. बाहेरून आलेल्यांना याचं हसू येई. मला यात भयगंडाचं सगळं व्याकरण दिसतं: धोका टळला, घर बदललं, पण शरीराला कुणी तसं कळवलंच नाही.

डॉक्टरांची व्याख्या थोडी कोरडी आहे. एखाद्या ठरावीक गोष्टीची किंवा प्रसंगाची भीती प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने फार मोठी असेल, माणूस ती गोष्ट सतत टाळत असेल, हे साधारण सहा महिने टिकलं असेल आणि त्यापायी रोजचं जगणं अडत असेल, तर तिला फोबिया, म्हणजेच भयगंड म्हणतात. शेवटची अट महत्त्वाची. शेतात काम करणाऱ्याला घोणस आणि मण्यारीची भीती हवीच. ती नसेल तर काळजी करावी. पण पुस्तकातलं सापाचं चित्र दिसताच ज्याचे हातपाय गळतात आणि अंधार पडल्यावर जो परसातही जात नाही, त्याची गोष्ट वेगळी. भूकंपातून वाचलेल्या सगळ्यांना फोबिया झाला, असंही नाही. काहींना तीच पहाट पुन्हा पुन्हा दिसते, झोप उडते, मन बधिर होतं. तो आघातानंतरचा वेगळा त्रास आहे आणि त्याला वेगळी मदत लागते. मात्र टाळाटाळ दोन्हीकडे सारखीच.

सगळी गोम त्या टाळण्यात आहे. पक्क्या घरात पाऊल टाकलं की छाती धडधडते, तळहात ओले होतात, श्वास अपुरा पडतो. माणूस बाहेर येतो आणि दोन मिनिटांत बरं वाटतं. मेंदू यातून धडा घेतो: बाहेर पडलो म्हणून वाचलो. घर पडलं नसतंच, हे तपासायची वेळच येत नाही. दर सुटकेसरशी भीतीचं मूळ थोडं आणखी खोल जातं. घरची माणसंही मायेपोटी हातभार लावतात. ‘असू दे, तिला भ्या वाटतंय, तिकडंच निजू दे.’ दुसऱ्या टोकाला अंगारा, गंडादोरा, ‘बाहेरचं लागलंय’. घटकाभर धीर मिळत असेलही. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं किंवा उपचार रोखणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही ठाऊक असावं.

समजावून सांगितल्याने फारसं काही होत नाही. ‘अहो, सिमेंटचं घर आहे, काही होत नाही’ हे वाक्य भ्यालेल्या माणसाला आपल्यापेक्षा चांगलं पाठ असतं. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने १९२४ मध्ये वेगळाच मार्ग दाखवला. पीटर नावाचा तीनेक वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. तो आवडीचं खात असताना तिने पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला, मग दिवसागणिक थोडा जवळ आणला. शेवटी पोरगं सशाला हात लावू लागलं. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या उपचाराचं बीज इथे आहे. पुढे जोसेफ वोल्पे यांनी त्याला पद्धतशीर रूप दिलं: भीतीची उतरंड रचायची, सगळ्यात हलकी पायरी आधी.

आपल्या शेडमधल्या माणसाची उतरंड कशी असेल? आधी दिवसाउजेडी, दार सताड उघडं ठेवून ओट्यावर बसणं. मग आतल्या खोलीत चहा. मग दुपारची डुलकी, सोबत कुणीतरी. मग दार लोटून. मग रात्रीचे दोन तास, आणि शेवटी एकट्याने पूर्ण रात्र. नियम एकच, पण कडक: धडधड शिगेला असताना उठून पळायचं नाही. ती ओसरेपर्यंत, निदान ‘काही झालं नाही’ हे अंगात मुरेपर्यंत थांबायचं. उशाशी चपला, मुठीत बॅटरी, दाराला चिकटून अंथरूण असल्या छुप्या सोयीही हळूहळू सोडाव्या लागतात. नाहीतर सगळं श्रेय बॅटरीला जातं.

हे कागदावरचं नाही, याचा पुरावा तुर्कस्तानातून आला. तिथे १७ ऑगस्ट १९९९ ला मार्मारा भागात आपल्याकडच्याहून खूप मोठा भूकंप झाला आणि हजारो लोक घरात शिरायला धजेनात. मेतिन बाशोलू या मनोविकारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना एकाच बैठकीत भीतीचं चक्र समजावलं आणि टाळलेल्या इमारतींत मुद्दाम जायला सांगितलं. पुढे त्यांनी एक अजब यंत्र वापरलं: सामानसुमान असलेलं छोटं घर, जे खालून हलवता येतं. हादरा किती मोठा हवा आणि कधी थांबवायचा, हे आत बसलेल्यानेच ठरवायचं. पाहणी लहान होती, पण बहुतेकांना ठळक फरक पडला. मला त्यातली सूत्रं माणसाच्या हाती देण्याची कल्पना फार आवडते. ओढून नेऊन घरात कोंडलं असतं, तर भीती दुणावली असती.

महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धतीही कृतीवरच भर देते. स्वतः एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला थरथरत. उपाय म्हणून त्यांनी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलायचा धडाका लावला. भेटीचं वचन एकीनेच दिलं, तीही आली नाही. भीती मात्र गेली. (आज आपल्याकडे कुणी ही नक्कल करू नये, पोलीस येतील.)

एका भीतीला मात्र वेगळा इलाज लागतो. सुई किंवा रक्त पाहून चक्कर येणाऱ्यांचा रक्तदाब आधी चढतो आणि मग एकदम कोसळतो. त्यांना ‘अंग सैल सोडा’ सांगणं उलटं पडतं. स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांनी सुचवलेली युक्ती अशी: हात, छाती आणि पायांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्याला ऊब जाणवली की सोडायचे, वीस-तीस सेकंद थांबायचं, असं पाच वेळा. लस टोचून घेण्याआधी घरी सराव करता येतो. सुई टोचताना तो दंड तेवढा सैल ठेवावा.

साध्या भीतीची उतरंड घरच्या घरी रचता येते. पण छाती धडधडण्याचा त्रास नवा असेल, तर हृदय आणि थायरॉइडची तपासणी आधी करून घ्यावी. झोपेच्या किंवा चिंताशामक गोळ्या मनानेच सुरू करू नयेत; सवय लागते, आणि भीतीला सामोरं जाऊन मिळणारा धडाही त्यांच्यामुळे कच्चा राहू शकतो. तामलवाडीकरांना सोलापूरचं सरकारी सर्वोपचार रुग्णालय जवळ पडतं. तिथे मनोविकार विभाग आहे. प्रवास जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीतून बोलता येतं. पहिल्या फोनला काय बोलायचं असा प्रश्न पडला, तर कशाची भीती वाटते यापेक्षा तिच्यामुळे काय काय करायचं सोडून दिलंय, ते सांगावं.