साखर गेली, ‘शुगर’ परत आली

माझा धाकटा मुलगा दुसरीत असतानाची गोष्ट. इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग पाठ करायला दिले होते. एस, यू, जी, ए, आर अशी अक्षरे म्हणून झाली की तो मोठ्याने वाचायचा, ‘सुगर’. शेजारच्या खुर्चीत माझ्या सासूबाई रक्तातील साखर तपासण्यासाठी बोटाला सुई टोचून घेत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “सुगर नाही रे, शुगर. मला आहे ना, तीच.” मुलाने एकदा वहीकडे आणि एकदा आजीच्या हातातील यंत्राकडे पाहिले. “पण आजी, यात एच कुठे आहे?”

प्रश्न रास्त होता. ‘श’साठी एस आणि एच जोडून लिहायचे असे शाळेत शिकवतात, आणि इथे एच नाहीच. इंग्रजीत सुरुवातीला नुसता एस लिहून ‘श’ म्हणण्याचे रोजच्या वापरातील शब्द मुख्यतः दोन, शुगर आणि शुअर. काही शतकांपूर्वी त्यांचा उच्चार ‘स्यु’ असा होई. ‘स’ला ‘य’ लागून पटकन म्हटला की जीभ आपोआप ‘श’कडे वळते, स्वतः म्हणून पाहावे. उच्चार बदलला, लेखन मात्र जुन्या जागीच राहिले. गंमत अशी की आपल्याकडे नेमके उलट घडले. संस्कृत ‘शर्करा’मधील ‘श’ प्राकृतातून येता येता ‘स’ झाला आणि मराठीला ‘साखर’ मिळाली.

शर्करा, साखर आणि शुगर हे तिन्ही शब्द एकाच घरचे आहेत. संस्कृतात ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडा, कंकर, वाळूची कच. जेवताना दाताखाली खडा यावा, तसा. सुश्रुतसंहितेत मूतखडा फुटून जे बारीक कण होतात त्यांनाही शर्कराच म्हटले आहे. उसाचा रस आटवून त्याचे कण पाडण्याची विद्या आपल्या देशात विकसित झाली, तेव्हा त्या कणांना खड्याचेच नाव मिळाले. ‘खडीसाखर’ या शब्दात तो खडा आजही दिसतो.

इथून हा शब्द प्रवासाला निघाला. इराणात तो ‘शकर’ झाला, अरबांच्या तोंडी ‘सुक्कर’. अरबांनी ऊस आणि साखर भूमध्य समुद्राकाठी नेली. तेथून शब्द मध्ययुगीन लॅटिनमध्ये आणि फ्रेंचमध्ये ‘सुक्र’ होऊन तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्लंडात उतरला. तेथे ‘क’चा ‘ग’ झाला आणि शुगर तयार झाली. त्याच्याही पुष्कळ आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने भारतातील वेतासारख्या झाडात गोठणाऱ्या, मिठासारख्या दिसणाऱ्या आणि दाताखाली कुरकुरणाऱ्या एका मधाचे वर्णन केले आहे. त्याच काळातील रोमन लेखक प्लिनी सांगतो की हा पदार्थ केवळ औषध म्हणून वापरला जातो. युरोपात पुढे कित्येक शतके साखर औषध विकणाऱ्यांच्या दुकानात, महागड्या जिनसांबरोबर मिळे.

याच शर्करेचे दुसरे रूप आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या कानी पडले. मलयाळममधील ‘चक्कर’ त्यांनी आपल्या पद्धतीने ‘जागरा’ केली आणि इंग्रजीला गुळासाठी ‘जॅगरी’ हा शब्द लाभला. म्हणजे शुगर आणि जॅगरी या सख्ख्या बहिणी. “साखर सोडली हो, आता गूळच घेतो” असे समाधानाने सांगणाऱ्यांना मी हे नाते आवर्जून सांगते. नाते केवळ शब्दांचे नाही. गुळातही मुख्य भाग साखरेचाच असतो, आणि रक्ताला तो पिवळा की पांढरा याच्याशी कर्तव्य नसते.

साखरेचे नाव आजाराला कसे चिकटले, हेही पाहण्यासारखे आहे. लघवीकडे मुंग्या धावतात हे लक्षण चरकसंहितेत आहे आणि ‘मधुमेह’ या नावातच गोडवा आहे. इंग्लंडात सतराव्या शतकात टॉमस विलिस या वैद्याने या रुग्णांची लघवी मधासारखी गोड असल्याचे लिहिले. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन याने ती आटवून मागे उरलेला पदार्थ साखरेसारखा असल्याचे दाखवून दिले. पुढे बोलीभाषेतील इंग्रजीत ‘शुगर डायबिटीस’ असे म्हणू लागले. आपण त्यातील डायबिटीस गाळला आणि शुगर ठेवली. अशा रीतीने खड्याचे नाव घेऊन गेलेला शब्द आजाराचे नाव होऊन घरी परतला.

एवढ्यावर थांबले असते तर ही नुसती गंमत ठरली असती. परंतु आपल्या घरांत आता ‘शुगर’ हा एकच शब्द चार कामे करतो. शुगर म्हणजे डब्यातील साखर, शुगर म्हणजे आजार, शुगर म्हणजे रक्तात फिरणारा पदार्थ आणि शुगर म्हणजे यंत्रावर दिसणारा आकडा. हा घोटाळा किती महाग पडू शकतो, हे मी एका आषाढी एकादशीला अनुभवले.

सासूबाईंनी सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि उपवासाचे खाणे दुपारपर्यंत लांबवले. दीडच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला. बोलताना जीभ अडखळू लागली, आणि कधी रागाने न बोलणाऱ्या आई माझ्यावर खेकसल्या. मी साखरेचा डबा काढला. दर्शनाहून परतलेल्या शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, “अगं, साखर काय देतेस? त्यांना शुगर आहे ना!” आणि खरे सांगते, माझा हात थबकला. आठ वर्षे त्यांच्या गोळ्यांचे वेळापत्रक सांभाळणारी मी, त्या एका वाक्याने गोंधळले. यंत्र लावले, तर आकडा ५२. मग मात्र साखरपाणी पाजले. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले, तरी आकडा जेमतेम हलला होता.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांचा. त्यांतील एक व्होग्लिबोज होती. ते म्हणाले, “साखर नको, ग्लुकोजची पावडर द्या.” समोरच्या औषधाच्या दुकानातून ती आणून पाजली, तेव्हा थोड्याच वेळात आई भानावर आल्या आणि घाम का आला आहे असे मलाच विचारू लागल्या.

त्या दिवसापर्यंत मला साखर आणि ग्लुकोज एकच वाटत असे. रक्तातील ‘शुगर’ म्हणजे ग्लुकोज. डब्यातील साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. आतड्यात ही जोडी सुटते, तेव्हाच ग्लुकोज रक्तात जाते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्यांचे कामच ही जोडी सुटण्यास उशीर लावण्याचे आहे. त्यामुळे त्या घेणाऱ्या व्यक्तीची साखर घसरली, तर साखरपाणी लवकर उपयोगी पडत नाही. सुटे ग्लुकोजच लागते. आपल्या घरातील ज्येष्ठांच्या गोळ्यांच्या पाकिटावर, विशेषतः एकाच गोळीत दोन-तीन औषधे असतील तर, ही नावे आहेत का ते आजच वाचून पाहावे.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर जेवण लांबले की घसरू शकते. घाम, थरथर, एकदम लागलेली भूक ही नेहमीची लक्षणे. वयस्कर माणसांत मात्र कधी कधी नुसता गोंधळ, चिडचिड किंवा तोल जाणे एवढेच दिसते, आणि “वय झालं आता” म्हणून आपण सोडून देतो. आकडा ७० च्या खाली असेल तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे चहाचे तीन-चार सपाट चमचे, पाण्यात कालवून द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, अजून कमीच असेल तर तितकेच पुन्हा द्यावे आणि बरे वाटल्यावर काही खायला द्यावे. यंत्र हाताशी नसेल तर त्यासाठी थांबू नये. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून तातडीने रुग्णालयात न्यावे. आणि उपवास धरायचा असेल तर त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, हे डॉक्टरांना आधी विचारावे.

उलट बाजूचा घोटाळाही शब्दाचाच. ‘शुगर फ्री’ असे छापलेले बिस्किट आई निर्धास्तपणे चार-चार खात. त्यात डब्यातील साखर नसेल, पण मैदा असतो, आणि मैद्याचे पोटात ग्लुकोजच होते. त्या पुड्यावरची ‘शुगर’ निराळी आणि यंत्रावरची निराळी.

एक हिशेब मला फार आवडतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. दर १०० मिलीलिटरला १०० मिलीग्रॅम धरले, तर साऱ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरते ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा! मेंदूला दिवसभरात याच्या कितीतरी पट ग्लुकोज लागते, म्हणून शरीर हा चमचा सतत भरत राहते.

आता आईंच्या पिशवीत ग्लुकोजची एक पुडी असते. तिच्यावर त्यांनी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, ‘औषध’. मुलगा आता सातवीत गेला. परवा त्याने पुडी पाहून विचारले, “आजी, हे तर शुगर आहे ना?” “नाही,” आई म्हणाल्या, “शुगर मला आहे. हे ग्लुकोज आहे. आणि साखर तुझ्या आईने वरच्या फळीवर ठेवली आहे.”