ट्राउटच्या पाण्यावर : रानकोंबड्याचं पीस

या आठवड्यात नाकतोड्यावर लिहायचं ठरलं होतं, पण तो आता पुढच्या भागात. मध्येच आंबोलीजवळच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेवणं मला जमेना. मागच्या भागासोबत माझ्या डबीतल्या फ्लायचं छायाचित्र छापलं होतं. त्यातल्या एका काळ्या, चपट्या, अगदी बारक्या फ्लायच्या पाठीवर पिवळसर पांढरा ठिपका आहे. तो त्यांनी बरोबर हेरला. ‘हे आमच्या रानकोंबड्याच्या मानेचं पीस ना?’ असं ते विचारतात. पावसाळ्यात त्यांच्या काजूच्या बागेत अशी पिसं गळून पडलेली सापडतात, ती पाठवू का, असंही त्यांनी लिहिलं आहे.

हो, ते रानकोंबड्याचंच पीस. पण सह्याद्रीतल्या पाखराचं पीस पेनसिल्व्हेनियातल्या ओढ्यावर, ऑगस्टच्या अखेरीला, ट्राउटसाठी का लागावं? ही हकिगत माझ्या फार आवडीची आहे आणि ती दोन ओळींत उरकायची माझी तयारी नाही.

लेटॉर्ट स्प्रिंग रन हा ओढा कार्लाइल गावातून वाहतो. चुनखडीच्या झऱ्यांतून त्याचं पाणी वर येतं आणि उन्हाळा असो की हिवाळा, उगमाजवळ ते १०-१२ अंशांच्या आसपासच राहतं. आजूबाजूच्या डोंगरांतले ओढे ऑगस्टमध्ये आटतात, तापतात. तिथे थर्मामीटर २० अंशांवर गेला की मी रॉड उघडतच नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. गळाला झुंजून दमलेला मासा आपण कितीही हळुवार सोडला तरी तो पुढे जगेलच असं नाही. लेटॉर्टवर ही चिंता नसते. पाणी गार, तळाशी हिरव्यागार पाणवनस्पतींचे पट्टे, त्यांच्यामधून सरकणारा संथ प्रवाह आणि त्यात आयुष्यभर माणसं पाहिलेले ब्राउन ट्राउट.

पण गार पाणी असूनही ऑगस्टमध्ये ड्राय फ्लायवाल्याची, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय वापरणाऱ्याची, पंचाईत होतेच. ज्यांच्यावर आपली सगळी मदार, त्या मेफ्लाय मे-जूनमध्ये येऊन गेलेल्या असतात. सकाळी ट्रायको या बारक्या कीटकांचा थवा उठतो, ऊन चढलं की तोही संपतो. त्यानंतर पाणी रिकामं दिसतं. नीट पाहिलं तर मात्र काठच्या गवताला लागून बारीक वर्तुळं उमटत असतात. मासा उसळी मारत नाही, शेपूट दाखवत नाही. नाकाचं टोक तेवढं पाण्याला टेकवतो आणि खाली जातो. तळहाताएवढं वर्तुळ उमटतं आणि विरून जातं. पुन्हा त्याच जागी दुसरं. काय खातोय ते दिसत नाही आणि डबीतली कुठलीही फ्लाय टाका, तो ढुंकून पाहत नाही.

व्हिन्सेंट मॅरिनारो आणि त्याचा मित्र चार्ली फॉक्स यांनाही याच वर्तुळांनी छळलं होतं. दोघंही लेटॉर्टच्या काठावरचेच म्हणावेत असे. मॅरिनारोने रॉड बाजूला ठेवला, काठावर पालथा पडला आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी डोळे नेऊन नुसता पाहत राहिला. रिकामं वाटणारं पाणी कीटकांनी गजबजलेलं निघालं. पंखवाल्या मुंग्या, दाण्याएवढे भुंगेरे आणि तुडतुडे. कपाशीवर, भातावर जे तुडतुडे आपले शेतकरी रोज पाहतात, त्यांचेच हे भाऊबंद. गवतातून उडी चुकली की पाण्यात पडतात आणि पाय पसरून, पृष्ठभागाला चिकटून वाहत जातात. दोन-चार मिलिमीटरचा जीव तो. उभ्या माणसाला तो दिसणं शक्यच नाही.

हे कुणाला आधी का सुचलं नाही, याचं कारण इंग्लंडमध्ये आहे. फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ आणि १८८९ मध्ये दोन ग्रंथ लिहून ड्राय फ्लायचं शास्त्र घालून दिलं. ते उभं राहिलं हॅम्पशरच्या नद्यांवर, पाण्यातच जन्मणाऱ्या कीटकांवर. उभे पंख, वर उचललेलं शरीर, पाण्याला जेमतेम टेकणारे पाय, असं त्याचं सगळं गणित. अमेरिकेने ते गणित जसंच्या तसं उचललं. जमिनीवरचे किडे म्हणजे अधूनमधूनचा खाऊ, एवढंच त्यांचं स्थान. मॅरिनारोचं ‘अ मॉडर्न ड्राय-फ्लाय कोड’ १९५० मध्ये आलं आणि उत्तर-उन्हाळ्याचा हंगामच मच्छीमारांच्या हाती लागला. विसाव्या शतकात ड्राय फ्लायच्या विचारात याहून मोठी भर पडली, असं मला वाटत नाही.

आता प्रश्न असा की एवढासा तुडतुडा गळावर बांधायचा कसा? पहिले प्रयत्न सरळ होते. गळ बारीक घ्यायचा, त्यावर लोकर गुंडाळून गोल अंग करायचं, भोवती पिसाचे केस फिरवायचे. ट्राउटांनी हे सगळं नाकारलं. उत्तर सापडलं ते माशाच्या जागी जाऊन विचार केल्यावर.

पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीतून दिसतं. डोक्यावरच्या उभ्या रेषेपासून साधारण ४८.६ अंशांपर्यंतच बाहेरचा प्रकाश त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचतो. त्यापलीकडे पृष्ठभाग आरसा होतो आणि त्यात तळच दिसतो. मासा जितका खोल तितकी खिडकी मोठी. तिचा व्यास खोलीच्या सव्वादोन पटींहून किंचित जास्त. म्हणजे ३० सेंटिमीटर खोल असलेल्या माशाची खिडकी सुमारे ६८ सेंटिमीटर रुंद, तर १० सेंटिमीटरवर तरंगणाऱ्याची फक्त २३. ऑगस्टमधला तुडतुडे टिपणारा मासा असा अगदी वरच लटकलेला असतो. त्याची खिडकी वीतभर. म्हणून फ्लाय वीतभर बाजूने गेली तर आपण ‘नाकारली’ म्हणतो, पण त्याने ती धड पाहिलेलीसुद्धा नसते. मागच्या भागात ओढीबद्दल, म्हणजे दोरीमुळे फ्लाय प्रवाहाबाहेर खेचली जाण्याबद्दल, इतकं लिहिलं, त्यात ही भर घालून ठेवा.

मेफ्लाय या खिडकीच्या कडेशी आली की तिचे उभे पंख आधी दिसू लागतात, अंग नंतर. तुडतुड्याला उभे पंख नाहीत. तो पृष्ठभागात रुतलेला असतो. मासा त्याला थेट खालून, उजळ आभाळासमोर पाहतो, आणि तसं पाहताना उरते फक्त बाह्यरेषा. किडा किती जाड आहे हे खालून कळायचा मार्गच नाही. पिसाचे विरळ केस प्रकाश गाळतात, त्यातून आकार बनत नाही. हवं ते एकच : चपटं, अंडाकृती आणि प्रकाश पार न जाऊ देणारं काहीतरी.

इथे रानकोंबडा येतो. राखी रानकोंबडा, शास्त्रीय नावात सोनरॅ या फ्रेंच निसर्गअभ्यासकाची आठवण जपणारा आणि भारतीय द्वीपकल्पाबाहेर रानात कुठेही न आढळणारा. नराच्या मानेवरच्या प्रत्येक पिसाच्या टोकाला केस एकमेकांना चिकटून एक कडक, चकचकीत चकती झालेली असते. मेणाचा थेंब वाळावा तशी. बोटाने दाबली तर ती वाकते पण विसकटत नाही. कोंबडीला हे लेणं नाही, आणि नराचंही विणीचा हंगाम सरला की गळून पडतं. आंबोलीच्या वाचकांना पावसाळ्यात बागेत पिसं सापडतात ती त्यामुळेच.

या पिसाची ओळख मच्छीमारांना मॅरिनारोच्या कितीतरी आधीपासून होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या सॅमनच्या भपकेदार फ्लायवर, ‘जॉक स्कॉट’सारख्या नामांकित फ्लायवरही, गालांच्या जागी ते शोभेला बसवलेलं असे. मॅरिनारोने शोभा टाकली. गळ २० ते २२ नंबरचा, म्हणजे चार-पाच मिलिमीटरचा. त्यावर काळा दोरा. आखूड केसांचं काळं पीस दोन-तीन वेढे फिरवायचं, वरचे आणि खालचे केस कात्रीने छाटायचे, बाजूचे पायांसारखे ठेवायचे. मग रानकोंबड्याची ती एक चकती पाठीवर आडवी, सपाट बांधायची. झाली फ्लाय. जाडी जवळजवळ शून्य. खालून पाहा, हुबेहूब तुडतुडा. याच फ्लायचं नाव ‘जॅसिड’. त्याच सुमारास बागांचा सत्यानाश करणारा जपानी भुंगेराही काठावर मुबलक होता. त्याच्यासाठी लेटॉर्टच्या मंडळींनी कॉफीची बी गळावर चिकटवून पाहिली. नंतर त्याही कामाला हेच पीस आलं.

मागणीचा भार अर्थातच पाखरावर पडला. हिंदुस्थानातून पक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर १९०२ मध्येच बंदी आली होती, पण रानकोंबड्याच्या माना त्यानंतरही कितीतरी वर्षं परदेशी दुकानांत टांगलेल्या असत. आज बाजारात कायदेशीर मिळतात त्या ब्रिटनमध्ये पाळून वाढवलेल्या पक्ष्यांच्या. माझ्या डबीतलं पीसही तसंच, आणि एक मान नीट वापरली तर वर्षानुवर्षं पुरते. आंबोलीच्या वाचकांना माझी कळकळीची विनंती : पिसं पाठवू नका, गोळाही करू नका. रानकोंबडा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. गळलेलं पीस आणि मारून उपटलेलं पीस यांतला फरक टपालात कुणालाच सांगता येत नाही, आणि एकदा पिसाला गिऱ्हाईक आहे हे गावात कळलं की फासे लागायला वेळ लागत नाही. तो पक्षी तुमच्या बागेत येतो, पहाटे आरवतो, हे भाग्य कुठल्याही फ्लायहून मोठं आहे.

शिवाय गरजही नाही. मॅरिनारोची तर्कपद्धती खरी असेल तर चकती कुठल्या पाखराची याने माशाला काही फरक पडू नये, आणि पडत नाही. बदकाच्या काळ्या पिसाचा तुकडा नेलपॉलिशने कडक करून अंडाकृती कापा. मी अलीकडे तेच जास्त वापरतो. त्यात उणीव एकच. रानकोंबड्याचा फिकट ठिपका वरून मला थोडाफार दिसतो, बदकाचं काळं पीस काळ्या पाण्यावर पडता क्षणी नाहीसं होतं.

फ्लाय दिसत नाही तर मासा लागला हे कळायचं कसं, हे सांगून थांबतो. वर्तुळाच्या खालच्या अंगाला, काठापासून मागे, गुडघ्यावर बसा. लीडर, म्हणजे दोरीच्या पुढचा बारीक धागा, बारा फुटांचा, त्याच्या टोकाचा टिपेट ७ एक्स, म्हणजे दशांश मिलिमीटरच्या आसपास. माशाच्या वर दोन फुटांवर, त्याच्या रेषेत टाका. फ्लाय शोधू नका. लीडरचं टोक कुठे पडलं ते पाहा आणि तिथून प्रवाहाच्या वेगाने नजर खाली आणा. त्या नजरेपासून वीतभरात वर्तुळ उमटलं तर तो तुमचा मासा समजा. आता हिसका देऊ नका. टिपेट जेमतेम किलोभर ताण सोसतो आणि गळ एवढासा की हिसक्याने तोंडातून निसटतोच. रॉडचं टोक नुसतं सावकाश उचला. मासा खाली वळत असतो, गळ त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. दोरी ताठ झाली की लगेच उभे राहा आणि त्याला पाणवनस्पतीत शिरू न देता प्रवाहाच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात आणा.