हीट पंपाचा काटा किती अंशांवर ठेवावा?



अंगणातला बंब गेला, गीझर आला, आणि आता काही घरांत पाणी तापवायला हीट पंप आला आहे. बसवणारा माणूस काटा लावून जातो आणि मग त्याकडे कुणी बघतही नाही. वास्तविक विजेचे बिल आणि घरच्यांची सुरक्षितता दोन्ही त्या काट्यावर अवलंबून असतात.

हीट पंप म्हणजे उलटा फ्रीज. फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो. हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्याला देते. वीज खर्च होते ती ही उष्णता वाहून नेण्यापुरती. त्यामुळे एका युनिटात साधारण तीन युनिटांची उष्णता पदरात पडते. 200 लिटर पाणी 25 अंशांवरून 55 अंशांवर न्यायला गीझरला सुमारे 7 युनिटे लागतात, हीट पंपाला सव्वादोन ते अडीच.

परंतु चढ वाढला की बैलांना गाडी जड जाते, तसेच या यंत्राचे आहे. पाणी जितके जास्त तापवाल तितकी बचत घटते. काटा फार वर नेला तर पुष्कळ यंत्रांत आतली हीटरची कॉइल चालू होते. मग गीझर काय वाईट होता?

कुणी म्हणेल, आंघोळीला 40 अंश पुरतात, तेवढेच ठेवू! तेही बरे नव्हे. 55 अंशांच्या 200 लिटरांत तेवढेच थंड पाणी मिसळले की आंघोळीचे 400 लिटर होते. 45 अंशांवर ठेवले तर जेमतेम 265. शिवाय 20 ते 45 अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. 1976 साली अमेरिकेतील फिलाडेल्फियात एका अधिवेशनाला आलेली माणसे त्याने दगावली, तेव्हा हा रोग जगाला कळला. शॉवरच्या तुषारांतून जंतू फुप्फुसात जातात. म्हाताऱ्या माणसांना आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना धोका अधिक.

तेव्हा रोजचा काटा 50 ते 55 अंशांवर ठेवावा. आठवड्यातून एकदा 60 अंशांवर नेऊन टाकी चांगली तापू द्यावी. त्या दिवशी मात्र जपा. 60 अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते. बादलीत आधी थंड, मग गरम. लहान मुलांना नळाला हात लावू देऊ नये.

वेळही महत्त्वाची. पहाटेच्या गार हवेत यंत्राला जास्त कष्ट पडतात. म्हणून दुपारी बारा ते चार असा टायमर लावावा. टाकीला उष्णतारोधक आवरण असते, पाणी सकाळपर्यंत पुरते. छपरावर सौर पॅनेल असेल तर दुहेरी फायदा.

कारखान्यात रस गरजेपुरताच तापवतात, कारण वाफ वाया गेली की बगॅस वाया जातो. तोच हिशेब घरी ठेवावा. आजच काटा किती अंशांवर आहे ते पाहून घ्या.