‘हमारा’ म्हणजे नेमका कुणाचा?

मित्रांनो, आज घरी एक गंमत करून पाहा. आई, बाबा, मामा, आत्या, कुणीही मोठं माणूस समोर बसलेलं असू दे. त्यांच्यासमोर नुसतं ‘हमारा’ म्हणा आणि थांबा. पुढचा शब्द बहुतेक आपोआप येईल, ‘बजाज!’ आणि तोही अगदी चालीत!

आता त्यांनाच दहावीच्या भूमितीतला एखादा सिद्धांत विचारा. काय होतं ते मी सांगायला नको! वर्षभर घोकलेला सिद्धांत पुसला जातो आणि टीव्हीवर येता-जाता कानांवर पडलेले दोन शब्द पस्तीस वर्षं टिकतात. हे कसं काय बुवा? आणि असे शब्द डोक्यात घर करून बसतात, ते आपल्या भल्याचं करतात की नाही? चला, आज याचाच छडा लावू या.

आधी कान, मग डोळे

तुम्हांला वाटेल जाहिराती टीव्हीबरोबरच जन्मल्या. छे! आपल्याकडे त्या आधी रेडिओवर घुमल्या. 1 नोव्हेंबर 1967 रोजी ‘विविध भारती’वर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या आपल्याच केंद्रांवरून. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त आवाजावर. म्हणून छोटी छोटी गाणी रचली गेली. त्यांना म्हणतात ‘जिंगल’. ती सोपी, ठेक्याची आणि पुन्हापुन्हा वाजणारी. पाढे चालीवर म्हटले की लवकर पाठ होतात ना? अगदी तेच तंत्र.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि 1 जानेवारी 1976 पासून दूरदर्शनवर जाहिराती दिसू लागल्या. तेव्हा वाहिन्या ढीगभर नव्हत्या. सगळा गाव एकच कार्यक्रम बघायचा, आणि म्हणून एकच जाहिरातही बघायचा. ती पाठ झाली नसती तरच नवल!

दिघीतला एक टीव्ही

मी दिघीत वाढलो. त्या वेळी दिघी हे गावच होतं. पिंपरी-चिंचवड महापालिकेत ते 1997 साली आलं. पालखी आळंदीहून पुण्याकडे निघाली की आमच्या दारावरून जायची, आणि एरवी सकाळी त्याच रस्त्यावर कंपन्यांच्या बसची वाट बघत माणसं उभी असायची, हातात जेवणाचा डबा घेऊन.

आमच्या आळीत टीव्ही एकच, कोपऱ्यावरच्या काकांकडे. रविवारी सकाळी त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. हे काका आकुर्डीला बजाज ऑटोमध्ये कामाला होते. दिघीहून भोसरी, नाशिक फाटा, पिंपरी, चिंचवड करत आकुर्डी गाठायची, हा त्यांचा रोजचा प्रवास.

1989 साली ती जाहिरात आली. वेगवेगळ्या प्रांतांतली साधी माणसं, त्यांची घरं, त्यांचे रस्ते आणि प्रत्येकाची जिवापाड जपलेली स्कूटर. शेवटी ‘हमारा बजाज’. आम्ही पोरं ओरडायचो, “काका, तुमची जाहिरात!” काका हसून म्हणायचे, “माझी कसली? मी फक्त नट आवळतो.” पण जाहिरात संपेपर्यंत त्यांच्या खोलीत कुणी बोललेलं त्यांना खपत नसे, बरं का!

देशभरातली माणसं ‘हमारा’ म्हणत होती ते मनातल्या भावनेनं. आमच्या भागात मात्र ते शब्दशः खरं होतं. ती स्कूटर इथल्याच लोकांच्या हातांनी बनत होती.

रांग संपली आणि जाहिरात आली

आता यातली खरी मेख ऐका. बजाज ऑटोची ‘चेतक’ स्कूटर आली 1972 साली. राणा प्रताप यांच्या घोड्याचं नाव तिला दिलेलं. पत्र्याचं दणकट अंग, डाव्या मुठीत गिअर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं टू-स्ट्रोक इंजिन. सकाळी ती रुसली की तिला एका अंगावर तिरकी करायची, म्हणजे पेट्रोल कार्बोरेटरकडे सरकायचं. मग किक मारायची. पुढे मूल उभं, मागे आई, आईच्या मांडीवर बाळ आणि भाजीची पिशवी. सगळं कुटुंब एका स्कूटरवर!

पण ती मिळायची कधी? एके काळी नाव नोंदवल्यावर दहा-दहा वर्षं थांबावं लागे. कारण कुठल्या कारखान्यानं किती माल काढायचा, यावर तेव्हा सरकारी परवान्याचं बंधन होतं. गिऱ्हाईक हजारो आणि स्कूटरी थोड्या. सांगा बरं, अशा वेळी जाहिरात कोण करील? गरजच काय?

ऐंशीच्या दशकात चित्र पालटलं. परवान्यांची बंधनं सैल होऊ लागली. 1985 साली बजाजचा दुसरा मोठा कारखाना औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला सुरू झाला. त्याच सुमारास जपानी कंपन्यांशी करार करून बनवलेल्या नव्या गाड्या बाजारात आल्या. पुण्याच्याच कायनेटिकनं होंडाबरोबर आणलेली स्कूटर तर बटण दाबताच सुरू होई आणि तिला गिअरची खटपट नव्हती. आता लोकांना निवड करता येऊ लागली, आणि चेतकला आपली बाजू मांडावी लागली.

ती मांडायचं काम ‘लिंटास’ या जाहिरात कंपनीनं केलं. तिचे प्रमुख होते अलेक पदमसी. मूळचे हे नाटकवाले. ‘गांधी’ चित्रपटात जीनांची भूमिका त्यांनीच केली होती. आता गंमत बघा. जाहिरातीनं नव्या गाड्यांशी यंत्राची बरोबरी केलीच नाही. बटणाला उत्तर म्हणून बटण दाखवलं नाही. ती एवढंच म्हणाली, ही गाडी आपली आहे. म्हणजे बोलली ती डोक्याशी नाही, मनाशी.

ललिताजींचा हिशेब

त्याच लिंटासची, त्याआधी काही वर्षांची दुसरी जाहिरात अगदी उलट्या वाटेनं गेली. अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी 1969 साली घरच्या घरी कपडे धुण्याची पावडर बनवून दारोदार विकायला सुरुवात केली. तिला मुलीच्या नावावरून नाव दिलं ‘निरमा’. किंमत इतकी कमी, की बड्या कंपनीचं ‘सर्फ’ मागे पडू लागलं. शिवाय निरमाची जिंगल घराघरांत पोचलेली!

मग सर्फच्या बाजूनं पडद्यावर आल्या ललिताजी. भूमिका केली होती कविता चौधरी यांनी. पदमसी सांगत, की ही ललिताजी त्यांना आपल्या आईवरून सुचली. आई श्रीमंत होती, पण भाजी घेताना दमडी सोडत नसे! ललिताजींचं म्हणणं सरळ होतं. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो. सर्फ अर्धा किलो घ्या, ते स्वस्त पावडरच्या एक किलोइतकं पुरतं.

पाहिलंत? निरमानं चाल दिली, ललिताजींनी हिशेब दिला आणि बजाजनं माया दिली. तिन्ही जाहिराती गाजल्या. पण आपण शहाण्या गिऱ्हाइकानं विचारायचं ते असं, यांतलं तपासून काय पाहता येतं? चाल तपासता येत नाही. माया मोजता येत नाही. ललिताजींचा हिशेब मात्र घरी वजन करून, कपडे धुऊन पडताळता येतो. तो खरा निघो की खोटा, पण पडताळता येतो हे महत्त्वाचं.

एक जाहिरात, काहीही न विकणारी

सगळ्या जाहिराती वस्तू विकतात असंही नाही हं. 1995 साली देशात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. तिचं घोषवाक्य ‘दो बूँद ज़िंदगी की’. पडद्यावर अमिताभ बच्चन आणि शब्दांमागे पीयूष पांडे. दोन थेंब, तेही फुकट! तरी काही आईबाप मुलांना घेऊन यायला कचरत. अमिताभजी पडद्यावर चक्क रागावले, की अजून बाळाला केंद्रावर का नेलं नाही?

देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला. 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. हे यश एकट्या जाहिरातीचं मुळीच नाही. घरोघर जाऊन मुलांच्या बोटांवर शाई लावणाऱ्या ताईंचं ते आहे. घोषवाक्यानं शब्द दिला आणि त्या ताईंनी तो पाळला.

शब्द देणारे आणि पाळणारे

इथेच आपल्या छड्याचं उत्तर सापडतं. घोषवाक्य म्हणजे दिलेला शब्द. तो लिहितो एक जण आणि पाळतात भलतेच लोक. ‘हमारा बजाज’ लिहिलं मुंबईतल्या कचेरीत. पण ती गाडी वर्षानुवर्षं मोडू नये, म्हणून नट नीट आवळत होते आकुर्डीतले हात.

आणि नुसता शब्द गोड असून भागत नाही, हेही याच गोष्टीत दिसतं. लोकांना जाहिरात आवडत राहिली, पण खरेदीला गेले की ते मोटारसायकली आणि बिनगिअरच्या हलक्या स्कूटरी घेऊ लागले. आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादन 2007 साली थांबलं. डिसेंबर 2009 मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की आता स्कूटर बनवणार नाही. खुद्द राहुल बजाज यांनीही वाईट वाटल्याचं उघडपणे बोलून दाखवलं. गाडी गेली, गाणं उरलं!

पण गोष्ट तिथे संपली नाही. जानेवारी 2020 मध्ये चेतक हे नाव पुन्हा बाजारात आलं, विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर. आणि जून 2022 मध्ये तिच्यासाठी नवा कारखाना उघडला, तो आकुर्डीलाच.

आता तुमची पाळी

आज जाहिरात टीव्हीपुरती राहिलेली नाही. मोबाइलवर गाणं लावलं की आधी जाहिरात, खेळ उघडला की मध्ये जाहिरात. म्हणून हे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा.

1. हिनं नेमका शब्द काय दिला? नट, नाच, गाणं, गोंडस कुत्रा सगळं वगळून एका वाक्यात लिहा. वाक्य सापडलंच नाही, तर समजा, तुम्हांला फक्त खूश केलं आहे!

2. तो शब्द घरी तपासता येईल का? तराजू, घड्याळ, पट्टी यांनी मोजून पाहा.

3. काय सांगितलं नाही? कोपऱ्यातली मुंगीएवढी अक्षरं वाचा. साखर किती, मीठ किती, हे पाकिटाच्या मागे असतं, पुढे नसतं.

आईबाबांसाठीही दोन शब्द. फसव्या जाहिरातींविरुद्ध 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. ‘हे खा, बुद्धी वाढेल’ असं शास्त्रीय पुराव्याशिवाय मुलांना सांगता येत नाही, असं 2022 च्या सरकारी नियमांत म्हटलं आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे 1915. मूल विचारतं, “हे खरं असतं का हो?” तेव्हा ‘गप्प बस’ न म्हणता त्याच्या हातात तराजू द्या.

आणि हो, आमचे काका! ते कधीच निवृत्त झालेत. त्यांच्या नातीनं अलीकडे विजेवरची चेतक घेतली. काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि सवयीनं गाडी एका अंगावर तिरकी केली. नात ओरडली, “आजोबा, यात पेट्रोल नाहीये!”

काका ओशाळून हसले. मग खाली वाकून त्यांनी पुढच्या चाकाचा नट बोटानं चाचपला. नीट आवळलेला होता.