पुण्याचे प्राध्यापक आणि बिहारचे वटहुकूम

वटहुकूम ही खरे तर तात्पुरती सोय. विधिमंडळ पुन्हा भरले की सहा आठवड्यांत त्याचा कायदा करायचा, नाहीतर तो संपला. बिहार सरकारने यातून नामी वाट काढली. मुदत सरत आली की तोच वटहुकूम पुन्हा काढायचा! 1967 ते 1981 या काळातले 256 वटहुकूम असेच जगवले गेले, काही तर तब्बल चौदा वर्षे.

हे उजेडात आणले पुण्याच्या गोखले संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी. 1983 साली त्यांचे पुस्तक आले, मग ते सर्वोच्च न्यायालयात गेले. यांना ही उठाठेव कशाला, असा आक्षेप निघालाच. त्यावरचे उत्तर मला साऱ्या निकालात मोलाचे वाटते: आपल्यावर विधिमंडळाच्याच कायद्याने राज्य चालावे, असा आग्रह धरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. डिसेंबर 1986 मध्ये ही पद्धत घटनेशी केलेली लबाडी ठरली. वाधवांना खर्चापोटी 10,000 रुपये मिळाले.

आणि बिहार? 1989 पासून तिथे 429 खासगी संस्कृत शाळा ताब्यात घेतल्या गेल्या, त्याही एकामागून एक वटहुकूम काढून! 2017 मध्ये सात न्यायाधीशांनी ते सारे रद्दबातल ठरवले. शिक्षकांना सरकारी नोकरीचा हक्क मिळाला नाही. दिलेला पगार मात्र परत घेऊ नये, एवढेच.