पावती मागताच कळणारी लबाडी

मृग नक्षत्र लागले की बाजारपेठेतील कृषि सेवा केंद्रांपुढे शेतकऱ्यांची रीघ लागते. पेरणीची घाई, हाती पैसा बेताचा, आणि त्यातच हवे ते वाण संपत आल्याची आवई. फसवणुकीस याहून सोयीचा काळ नाही.

लबाड मनुष्य बोलताना नजर चोरतो, अडखळतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो फारसा भरवशाचा नाही. मुरलेला विक्रेता नजरेला नजर भिडवून खोटे सांगू शकतो. उलट नवखा व सरळ दुकानदार भावाची घासाघीस सुरू होताच गोंधळतो. शिवाय विकणारा पुष्कळदा ओळखीचा, किंबहुना गावचाच असतो. ज्यास 'काका' म्हणावयाचे त्याच्याकडे पावती कशी मागावी, या भिडेपोटी शेतकरी गप्प राहतो. वास्तविक बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ व खत (नियंत्रण) आदेश, १९८५ यांअन्वये पावती देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ती मागण्यात कोणाचा अपमान होत नाही. 'पावती हवी असेल तर दर निराळा' असे उत्तर मिळाल्यास तेथून उठावे.

तणनाशकास दाद न देणाऱ्या, मान्यता नसलेल्या कापूस वाणाचे बियाणे असेच खपते. पाकिटावर उत्पादकाचा पत्ता नसतो, असला तर खोटा. माल परस्पर घरपोच येतो. हे बियाणे बेकायदा आहे, हे विकणाऱ्यास ठाऊक असते आणि घेणाऱ्यासही बहुधा असते. म्हणूनच उगवण फसली तरी त्याला तोंड उघडण्याची सोय राहत नाही. लबाडीचा हा प्रकार सर्वांत पक्का म्हणावा लागेल.

सरळ विक्रेत्यास माल तपासलेला चालतो. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीस निळा टॅग असतो. त्यावरील वाण, लॉट क्रमांक व मुदत वाचावी, आणि तोच लॉट क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. सोयाबीनची उगवणशक्ती तर घरीच पाहता येते. ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून त्याची गुंडाळी सावलीत ठेवावी व ती सुकू देऊ नये. आठवड्याभरात निदान ७० दाण्यांस निकोप कोंब फुटले पाहिजेत.

डीएपी खताची परीक्षा तर तंबाखू मळण्याइतकी सोपी आहे. काही दाणे तळहातावर घेऊन चुन्यासह चोळले असता नाकास झोंबणारा उग्र दर्प येतो. दाणे मंद आचेवर तव्यावर तापविल्यास फुगतात. दर्प नाही व दाणाही फुगत नाही, असे आढळल्यास खताविषयी शंका घ्यावी. ही केवळ पहिली चाळणी होय. १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद खरोखर आहे किंवा नाही, हे प्रयोगशाळेतच ठरते.

पावती, टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणे पीक घरी येईपर्यंत जपून ठेवावे. उगवण कमी दिसल्यास तालुका कृषि अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार त्वरित द्यावी. दुबार पेरणीसाठी शेत मोडल्यावर पाहणी करणाऱ्यांस तेथे पाहण्यासारखे काही उरत नाही.