विश्लेषण : मुरबेहून बेटावर हनिमूनला जायचे कधी? तिथी, भरती आणि परतीच्या विमानाचे गणित

मुरबे हे नाव अलीकडे बातम्यांत आले ते प्रस्तावित बंदर आणि त्याला मच्छीमारांनी केलेल्या विरोधामुळे. पण तुळशीचे लग्न लागले की गावातल्या, आणि एकूणच पालघर-बोईसर पट्ट्यातल्या, लग्नघरांत दुसराच विषय निघतो. हनिमूनला कुठे? मनाली-काश्मीरच्या जोडीला आता अंदमान, मालदीव, बाली ही नावे घेतली जातात. त्यावर घरातल्या मोठ्यांचा शेरा ठरलेला असतो : समुद्र दारात असताना समुद्र बघायला एवढे पैसे कशाला? प्रश्न अगदीच चुकीचा नाही. त्याचे उत्तर नीट समजले, तर सहल कधी आणि कशी आखायची हेही बरेचसे उलगडते.

दारातला समुद्र आणि बेटावरचा समुद्र यांत फरक काय?

मुरबे-सातपाटीच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. उत्तरेकडे खंबातच्या आखाताकडे जावे तसा तो आणखी वाढतो. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होताना तळाचा गाळ ढवळून वर आणते. त्यामुळे इथले पाणी गढूळ असते आणि पापलेट-बोंबलाला ते मानवते. मात्र प्रवाळाला सूर्यप्रकाश लागतो, तो या पाण्यात तळापर्यंत पोहोचत नाही. अंदमानात पोर्ट ब्लेअरला (सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम) हाच फरक साधारण दोन मीटरचा असतो. पाणी नितळ, उथळ भागात प्रवाळ, त्याभोवती रंगीत मासे. म्हणजे पैसे मोजायचे ते समुद्र पाहण्यासाठी नव्हे, समुद्राच्या आत पाहण्यासाठी. केवळ वाळूत बसून सूर्यास्त पाहायचा असेल, तर मोठ्यांचे म्हणणे बरोबर आहे.

मग जायचे कधी?

खरी अडचण इथे आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बोटीवर काम करणाऱ्या नवरदेवाला सलग मोकळा वेळ मिळतो तो याच दोन महिन्यांत. पण मोसमी पाऊस अंदमानात महाराष्ट्राच्याही आधी, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोहोचतो. जून-जुलैत तिथे समुद्र खवळलेला, फेऱ्या अनिश्चित आणि पाण्याखाली दिसणारे अंतर कमी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा धोका असतो. उरतात डिसेंबर ते एप्रिल. नेमके हेच महिने लग्नाचे आणि मासेमारीचेही.

तारापूर एमआयडीसीत नोकरी असणाऱ्यांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. शिल्लक रजा आणि साप्ताहिक सुट्ट्या जोडून आठ-नऊ दिवस निघतात. बोटीवाल्या घराला मात्र कॅलेंडर वेगळ्या पद्धतीने पाहावे लागेल.

अष्टमीचा काय संबंध?

अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग, हे किनाऱ्यावर कोणाला सांगावे लागत नाही. डोल जाळे प्रवाहावर चालते. भांगात ओढ कमी, म्हणून काम हलके. त्या दिवसांत घरातला एक माणूस आठवडाभर नसला तर नुकसान कमी होते. पाण्याखाली उतरणाऱ्यालाही हेच दिवस बरे : प्रवाह मंद, गाळ कमी उचलला जातो, दिसते चांगले.

अष्टमी दोन असतात. त्यातली वद्य अष्टमी अधिक सोयीची, कारण चंद्र उशिरा उगवतो. स्वराज द्वीपवर (जुने नाव हॅवलॉक) संध्याकाळनंतर कयाकमधून चमकणारे पाणी पाहायला नेतात. वल्हे मारले की पाण्यातले सूक्ष्म जीव निळसर उजळतात. त्यासाठी अंधार हवा, चांदण्यात मजा जाते. वद्य अष्टमीला तिथे चंद्र रात्री अकराच्या पुढे-मागे उगवत असल्याने संध्याकाळ पूर्ण काळोखी मिळते. तोटा एकच. शहीद द्वीपवरचा (जुने नाव नील) प्रसिद्ध नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट पाहता येतो आणि भांगात पाणी फारसे मागे जात नाही. पुलाचे आकर्षण जास्त असेल त्यांनी अमावास्या पकडावी.

आणखी एक गोष्ट पहिल्या दिवशी सर्वांनाच चकवते. अंदमान मुंबईच्या सुमारे २० रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. डिसेंबरात पालघरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. तिथे तो साडेपाचला उगवून पाचलाच मावळतो. ‘आरामात दहाला निघू, संध्याकाळी बीचवर जाऊ’ असे वेळापत्रक केले तर अर्धा दिवस गेलेला असतो. दिवस पहाटे सुरू करायचा आणि दुपार झोपेला द्यायची, हे तिथले खरे वेळापत्रक.

स्कूबा कोणत्या दिवशी ठेवायचे?

बहुतेक जोडपी ‘शेवटी करू, धमाल’ म्हणून स्कूबा अखेरच्या दिवसासाठी राखून ठेवतात. आखणीतली सर्वांत मोठी चूक हीच.

पाण्यात दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. नवख्यांना ज्या ‘ट्राय डाइव्ह’मध्ये नेतात, तिची कमाल मर्यादा १२ मीटर असते. तेवढ्या खोलीवर शरीरावर पृष्ठभागाच्या दुपटीहून अधिक दाब असतो आणि श्वासातला नायट्रोजन जास्त प्रमाणात रक्तात व ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीवरच्या दाबापेक्षा कमी, म्हणजे साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. नायट्रोजन पुरता बाहेर पडण्याआधी विमानात बसले तर सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर होते तसे बुडबुडे शरीरात होऊ शकतात. सांधेदुखीपासून अर्धांगवायूपर्यंत त्याचे परिणाम होतात. म्हणून एकदाच बुडी मारली असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त वेळा मारली असेल तर किमान १८ तास विमान टाळावे, असा जगभरचा संकेत आहे. पूर्ण २४ तास ठेवलेले उत्तम.

स्कूबा लग्नानंतर लगेच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही नको. हळद, वरात, सत्यनारायण, पाचपरतावण यांत दोघांचीही झोप झालेली नसते. घसा बसलेला, नाक चोंदलेले. सर्दी असेल तर कानातला दाब सारखा करता येत नाही आणि कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. तेव्हा लग्न आणि प्रस्थान यांत तीन-चार दिवस, आणि बेटावर पोहोचल्यावरही एक दिवस निव्वळ आराम. दमा, फिट, हृदयविकार असेल किंवा गर्भधारणेची शक्यता असेल तर केंद्रावरच्या फॉर्ममध्ये ते लपवू नये. पाळीचा अडसर नसतो, पण तारीख पुढे ढकलण्याच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर त्या स्वतःच्या मनाने नव्हे, डॉक्टरांना विचारून.

पोहता येते त्याने अधिक सावध का राहावे?

समजा, नवरा मुरबेचा, लहानपणापासून खाडीत पोहलेला. बायको बोईसरच्या कॉलनीत वाढलेली, आईवडील नोकरीसाठी धुळ्याहून आलेले, समुद्रात गुडघ्यापलीकडे कधी न गेलेली. धोका कोणाला जास्त? ट्राय डाइव्हमध्ये प्रशिक्षक सतत धरून असतो आणि पोहता येण्याची अटही बहुतेक ठिकाणी नसते. उलट पोहणाऱ्याला दम रोखून बुडी मारायची सवय असते आणि स्कूबात तीच घातक. १० मीटरवर टाकीतून घेतलेला श्वास रोखून वर आले तर छातीतली हवा फुगून दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटू शकते. स्कूबाचा पहिला नियम एकच : श्वास कधीही रोखायचा नाही.

आणि दोघांपैकी एकाला नकोच असेल, तर नको. एक जण खाली जातो, दुसरा काचेच्या तळाच्या बोटीतून तेच मासे पाहतो. विश्रांती आणि साहसाचा समतोल म्हणजे दिवसांची निम्मी-निम्मी वाटणी नसते, अनेकदा तो दोन स्वभावांचा प्रश्न असतो. बुकिंगआधी घरी बोलून घेतले तर बोटीवर रुसवेफुगवे होत नाहीत.

सात दिवस कसे मांडायचे?

परतीच्या विमानापासून मागे मोजत यावे. सातव्या दिवशी विमान. आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच, कारण हवामान बिघडले की बेटांमधल्या फेऱ्या रद्द होतात आणि विमान कोणासाठी थांबत नाही. सहावी सकाळ आणि पाचवा दिवस शहीद द्वीपवर, काहीही न करण्यासाठी. हे बेट लहान. फाळणीनंतर बंगाली निर्वासित कुटुंबे इथे वसली, त्यामुळे जेवणात मासे-भात आहेच; फक्त आगळाऐवजी मोहरी. चौथा दिवस राखीव, म्हणजे तिसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे स्कूबा हुकले तर आज; नाही तर एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंग आणि रात्री कयाक. तिसऱ्या सकाळी स्कूबा. दुसऱ्या दिवशी फेरीने स्वराज द्वीप, दुपारी झोप, मग पश्चिमेकडच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त. पहिला दिवस सेल्युलर जेलला. सावरकर १९११ ते १९२१ तिथे बंदी होते, त्यामुळे मराठी जोडप्यांचे पाय तिकडे वळतातच.

बाराटांगच्या गुहा या सहलीत नकोत. मध्यरात्रीनंतर उठायचे, दिवसभर गाडी, आणि जुना रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून. तिथे फोटो काढणे गुन्हा आहे आणि माणसे ‘पाहायला’ जाणे मुळातच वाईट.

मगरींचे काय? खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळच्या एका कोपऱ्यात स्नॉर्केलिंग करणाऱ्या परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. जीवरक्षक असलेल्या भागाबाहेर, खाजणाच्या तोंडाशी आणि अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नये. फलक पाहून मगच उतरावे. कयाकही परवानाधारकाकडूनच.

जून-जुलैतच वेळ असेल तर?

विषुववृत्ताच्या दक्षिणेला पाहावे. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा मोसम असतो. आपल्याकडे नारळी पौर्णिमेची वाट पाहत बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, तेव्हा तिथे ऊन असते. भारतीयांना विमानतळावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, शुल्क ५ लाख इंडोनेशियन रुपये. आकड्याने घाबरू नये, तिथले चलनच तसे आहे. फेब्रुवारी २०२४ पासून पर्यटक कर दीड लाख इंडोनेशियन रुपये, तो वेगळा. जुलै तिथे गर्दीचा असल्याने हॉटेल महाग पडते. पासपोर्ट नसेल तर पोलिस पडताळणीचा वेळ धरून फेब्रुवारीतच अर्ज करावा.

बालीच्या पॅकेजमध्ये बातूर ज्वालामुखीवर पहाटेचा ट्रेक हमखास असतो. शिखर १७१७ मीटर उंच, म्हणजे नायट्रोजनच्या हिशेबात जवळजवळ विमानच. आज स्कूबा आणि उद्या पहाटे बातूर, अशी जोडणी दिसली तर क्रम उलटा करून मागावा.

मालदीव जून-जुलैत स्वस्त मिळते, पण ते पावसामुळे. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो आणि खोल्या मोजक्या आहेत, त्यामुळे घाईत ठरवलेल्या लग्नाला ते जमत नाही.

चार दिवस आणि कमी पैसे असतील तर?

मालवण-तारकर्ली. तिथे एमटीडीसीचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. पाणी अंदमानइतके नितळ नसते, आणि पावसाळ्यात हे सारे बंद. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत बसू नये आणि गर्दीची बोट सोडून द्यावी. वाऱ्याचा अंदाज मुरबेच्या माणसाला एजंटापेक्षा जास्त असतो. त्याने तो वापरावा.

तिकीट काढताना काय पाहावे?

नवरीचे तिकीट आधार किंवा पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने काढावे. लग्नपत्रिकेतले नवे नाव विमानतळावर चालत नाही. अंदमानात दोन बेटांमधल्या खासगी फेरीचे तिकीट एका टप्प्याला माणशी साधारण दीड-दोन हजार आणि ट्राय डाइव्ह साधारण साडेतीन ते सहा हजार रुपये. दोन्ही मोसमानुसार बदलतात. डिसेंबरच्या फेऱ्या आधी भरतात, म्हणून विमानाआधी फेरीची वेळ पाहावी. एजंटाकडून पॅकेज घेताना फेरीचे तिकीट नावानिशी हातात मिळेल का आणि फेरी रद्द झाल्यास जादा मुक्कामाचा खर्च कोण करणार, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत.

परतताना बॅगेत शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे नकोत. अनेक जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, पोर्ट ब्लेअर विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतात आणि कारवाईही होऊ शकते. सासरी-माहेरी वाटायला परवानाधारक दुकानातून पावतीसह घेतलेली वस्तू चालते. पावती मात्र हातातल्या बॅगेत ठेवावी.